वाटेतला दगड

नागपूरहून निघालेली गाडी भंडारा रोड आणि तुमसर मागे टाकते, वैनगंगेचा पूल ओलांडते आणि तिरोड्यावरून गोंदियाला येते. पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा, डोंगरगड करीत ती राजनांदगावला पोचते. वाचकहो, या रुळांवरून आपल्यापैकी कितीतरी जणांचे येणे-जाणे आहे. कोणी धानाच्या कामाने जातो, कोणी लेकीच्या सासरी, कोणी बमलाईच्या दर्शनाला. १८९३ साली याच वाटेने एकतीस वर्षांचा एक मराठी कवी नागपूरहून राजनांदगावला चालला होता. डब्यात एक परदेशी पाद्री होता. दोघांचे बोलणे निघाले. त्या बोलण्यातून पुढे एका घराची उलथापालथ झाली, आणि मराठी भाषेला तिच्या उत्तम आत्मचरित्रांपैकी एक मिळाले.

तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. लोकमान्य ते वेगळे. हे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून ओळखले गेले. त्यांची गोष्ट सांगण्याआधी एक सांगून टाकतो. कोणी कोणता धर्म घ्यावा किंवा सोडावा, हे सांगायला मी बसलेलो नाही. माझा प्रश्न साधा आहे. जो माणूस लोकांना देवाची वाट दाखवायला निघतो, त्याने स्वतः कसे वागावे? आणि त्याच्या वागण्याचे माप कोणाच्या हातात असते?

हा प्रश्न फार जुना आहे. सुमारे १९५० वर्षांपूर्वी ग्रीस देशात करिंथ नावाचे एक व्यापारी शहर होते. दोन्ही बाजूंना समुद्र, मालाची मोठी उलाढाल, पैशाची रेलचेल. गावोगाव हिंडून व्याख्याने देणारे आणि त्यांची फी घेणारे पंडित अशा शहरांतून फिरत असत. तिथल्या ख्रिस्ती मंडळीला संत पौलाने पत्रे लिहिली. दुसऱ्या पत्रात तो म्हणतो त्याचा मतलब असा, की आमच्या सेवेला बोल लागू नये म्हणून आमच्या वागण्यामुळे कोणी ठेचकाळणार नाही, अशी काळजी आम्ही घेतो.

आपल्या धानाच्या मुलखात ही गोष्ट समजायला फार कठीण नाही. वरच्या बांधीतले पाणी खालच्या बांधीत उतरते. पाणी चांगले आहे, उतारही आहे. पण पाणी उतरायच्या वाटेवरच एखादा दगड पडला, तर खालचा शेतकरी कोरडा राहतो. पौलाचे म्हणणे हेच. उपदेशाचे पाणी वरून येते असे तुम्ही म्हणता ना? मग तुम्ही स्वतःच त्या वाटेतला दगड होऊ नका.

पौलाने हे नुसते लिहिले नाही. तो तंबू करणारा कारागीर होता. करिंथमध्ये असताना त्याने हाताने काम करून पोट भरले, आणि तिथल्या मंडळीकडून मोबदला घेतला नाही. उपदेशकाने मोबदला घेणे हे पाप आहे, असे त्याचे मत नव्हते. उलट, कामकऱ्याला मजुरी मिळायला हवी, असेच त्याने सांगितले आहे. पण या गावात पैसे घेतले तर लोक मलाही त्या फी घेणाऱ्यांच्या रांगेत बसवतील, म्हणून हक्क असूनही मी तो सोडतो, असा त्याचा विचार होता. हक्क आहे आणि तरी सोडायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे टिळकांच्या चरित्रात ती पुन्हा भेटणार आहे.

आता आपल्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात ख्रिस्ती उपदेशक गावोगाव हिंडू लागले, तेव्हा त्यांच्या वाटेत एक सोडून अनेक दगड होते. एक म्हणजे राज्य. पाद्री गोरा आणि कलेक्टरही गोरा; लोकांना दोघे एकाच बैलगाडीचे बैल वाटत. दुसरा पगार. मिशनचा उपदेशक दर महिन्याला मिशनकडून पगार घेई, म्हणून हा पोटासाठी बोलतो, असा टोमणा त्याला ठरलेलाच होता. तिसरा दगड दुष्काळाचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी त्या वेळचा मध्य प्रांत, म्हणजे आपला हा मुलूख, होरपळून निघाला. अशा वेळी मिशनने अन्न दिले, अनाथ पोरे सांभाळली. पण भुकेल्याने भाकरी घेतली आणि पुढे तो ख्रिस्तीही झाला, तर ती त्याची श्रद्धा म्हणायची की भूक? लोक हा प्रश्न विचारणारच. तो विचारणे गैरही नव्हते.

या अडचणींतून काही माणसांनी कशी वाट काढली ते पाहण्यासारखे आहे. पहिले नाव घेतो ते स्टीफन हिस्लॉप यांचे. हे स्कॉटलंडचे पाद्री १८४५ साली नागपूरला आले. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. ते मराठी शिकले, १८४६ साली त्यांनी शाळा काढली. पुढे १८८३ साली त्यांच्या नावाने उभे राहिलेले हिस्लॉप कॉलेज आजही नागपुरात आहे. आपला धर्म लोकांनी स्वीकारावा अशीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी कधी लपवली नाही. पण हा मनुष्य प्रचारापुरता लोकांत मिसळणारा नव्हता. त्यांनी इथले दगडधोंडे, जीवाश्म, खनिजे तपासली आणि गोंडांची गीते उतरवून घेतली.

दरेकसा स्टेशनाजवळचे कचारगड आपल्याला माहीत आहे. माघ पौर्णिमेला तिथे गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. लिंगोची कथा तिथल्या गुहेशी जोडलेली आहे. महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले, तोंडावर प्रचंड शिळा लावली आणि लिंगोने त्यांना सोडवले, अशी ती कथा. पारध्यांप्रमाणे रानोमाळ हिंडून नव्हे, तर प्रधानांच्या तोंडून ऐकून ही लिंगोची गाणी हिस्लॉप यांनी गोंडी शब्दांसकट टिपून ठेवली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची जुनी शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढले. ज्या देवांना हा पाद्री मानत नव्हता, त्या देवांची गाणी त्याने जपून ठेवली. दुसऱ्याची श्रद्धा खोडून काढण्याआधी ती नीट ऐकून घ्यावी, एवढा सभ्यपणा त्याच्यापाशी होता. त्याच्या हेतूविषयी कोणाचे काहीही मत असो, त्या कामाचा उपयोग गोंडांचा इतिहास शोधणाऱ्यांना आजही होतो.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्या काही मंडळीच्या पाद्री नव्हत्या; पण ख्रिस्ती सेविका म्हणून लोकांचे डोळे त्यांच्यावर रोखलेले होते. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढे ते पुण्याला नेले. विधवा मुलींनी तिथे राहून शिकावे, त्यांच्या धर्माला हात लावला जाणार नाही, असे ठरलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार होते. पण बाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंचे म्हणणे असे, की मी कोणाला बोलावत नाही आणि माझे दारही लावून घेत नाही. टीकाकारांचे म्हणणे असे, की ज्या बाईच्या आधारावर मुलगी जगते, त्या बाईचे उघडे दार हेच बोलावणे असते. १८९३ साली वाद विकोपाला गेला. सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

यात कोणाचे बरोबर, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. रमाबाईंचा प्रामाणिकपणा मोठा होता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी आपल्या मध्य प्रांतात फिरून उपाशी, निराधार मुली गोळा केल्या, केडगावला नेऊन सांभाळल्या आणि त्यांना हातचे काम शिकवले. त्या मुलींपैकी कितीतरी जणी एरवी जगल्या नसत्या. तरी त्या वादातून एक धडा मिळतो. आपला हेतू स्वच्छ आहे एवढ्याने भागत नाही. दुसऱ्याला तो कसा दिसेल, आणि तो दुसरा आपल्यापुढे किती मोकळा आहे, हेही पाहावे लागते.

आणि हा वाद पुण्यात पेटला त्याच साली आपले टिळक त्या गाडीत बसले होते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. शिक्षण नाशिकला. संस्कृतात गती, कवितेचे वेड, कीर्तन-व्याख्यानांची आवड. लहानपणी आई गेली. स्वभाव उसळता, एका जागी पाय ठरत नसे. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांना दिली. तीच पुढची लक्ष्मीबाई. लग्नाच्या वेळी ती अकरा-बारा वर्षांची होती. १८९१ च्या सुमारास टिळक नागपूरला आले. तिथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले, ‘ऋषी’ नावाचे मासिक चालवले. नंतर राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली आणि तो प्रवास घडला.

डब्यातला पाद्री होता अर्नेस्ट वॉर्ड. त्याने सौजन्याने बोलणे केले, ‘नव्या करारा’ची एक प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले असेल. पण पुस्तक वाचीन असा शब्द दिला होता, तो त्यांनी पाळला. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. त्या काळात गोरा माणूस आणि देशी माणूस रेल्वेच्या एका डब्यात समोरासमोर आले, तर काय काय होत असे, हे जुन्या लोकांच्या आठवणींतून आपण वाचतो. त्या दिवशी तो पाद्री तोऱ्यात वागला असता, तर ते पुस्तक खिडकीबाहेर पडले नसते कशावरून? पुस्तक उघडण्याआधी टिळकांनी पुस्तक देणारा माणूस वाचला होता.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. आणि आता पाहा, ज्या प्रश्नापासून आपण सुरुवात केली तो प्रश्न त्यांच्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. लक्ष्मीबाई त्या वेळी जवळ नव्हत्या. पदरात लहान मुलगा दत्तू. नवरा धर्म सोडून गेला, ही बातमी माहेरच्या माणसांत त्यांच्या कानावर आली. त्या काळातल्या ब्राह्मण घरातल्या बाईला याचा अर्थ काय होता, हे निराळे सांगायला नको. नवरा जिवंत आणि तरी संसार मोडलेला. त्यांचे मन काही काळ ठिकाणावर राहिले नाही. दुसऱ्यांच्या श्रद्धेच्या वाटेत दगड होऊ नये असे ज्याने शिकायचे, तो स्वतःच्या बायकोच्या वाटेत डोंगर होऊन बसला होता.

इथे टिळकांना दोन मार्ग मोकळे होते. एक, नवरेपणाचा हक्क गाजवून तिला ओढून आणायची. त्या काळच्या कायद्याने आणि रूढीने नवऱ्याच्या हातात पुष्कळ काही दिले होते. दुसरा, तिला कायमची सोडून द्यायची. टिळकांनी दोन्ही केले नाही. ते पत्रे लिहीत राहिले, भेटत राहिले, वाट पाहत राहिले. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे राहिले. टिळकांनी ते वेगळेपण चालू दिले. घरात उपदेशक होता. पण चुलीपाशी त्याचा उपदेश चालत नव्हता.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनात आपणच विचार आला. माणसे देवाने केली, पण ही शिवाशीव देवाने केली असेल का? उत्तर त्यांचे त्यांनाच मिळाले आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. ख्रिस्ती व्हायचे त्यांनी अजून ठरवलेले नव्हते. ते नंतर, १९०० साली घडले. टिळकांच्या बाप्तिस्म्यापासून लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्यापर्यंत पाच वर्षे गेली. पाच वर्षे थांबणे सोपे नाही. टिळकांसारख्या उतावळ्या माणसाला तर नाहीच नाही.

हे सारे आपल्याला कसे कळले? खुद्द लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवले म्हणून. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. शाळेत पाऊल न टाकलेल्या या बाईने लिहिलेले मराठी आज कॉलेजात अभ्यासाला लावतात. वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. आणि शिक्षकांनी वर्गात त्यातली पाने मोठ्याने वाचून दाखवावीत. मुले हसतील आणि मग गप्प होतील.

या पुस्तकातले टिळक संत म्हणून रंगवलेले नाहीत. ते रागीट आहेत. न सांगता घरातून निघून जातात. हातात आलेला पैसा आल्या पावली दुसऱ्याला देऊन टाकतात आणि घरात उद्या काय शिजणार, याची फिकीर करीत नाहीत. लक्ष्मीबाईंनी हे सगळे लिहिले आहे, हसत हसत लिहिले आहे, आणि काही ठिकाणी त्या हसण्याखालचे पाणी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत येते. तेव्हा ‘निर्दोष’ या शब्दाचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. दोष नसलेला माणूस जन्माला यायचा आहे. पण दोष दोन प्रकारचे असतात. एक रागासारखा, जो सगळ्यांना दिसतो, ज्याबद्दल माणूस मागाहून खजील होतो. दुसरा ढोंगाचा, जबरदस्तीचा, लोभाचा. लोकांना ब्रह्मज्ञान सांगायचे आणि आपण कोरडे पाषाण राहायचे, तो हा दुसरा प्रकार. पहिल्या प्रकारच्या दोषाने घरच्यांना त्रास होतो, हे खरेच. दुसऱ्या प्रकारच्या दोषाने ऐकणाऱ्याचा विश्वासच उडतो. टिळकांचे पहिल्या प्रकारचे दोष त्यांच्या बायकोने एकूण एक मोजले. दुसऱ्या प्रकारचा तिला सापडला नाही. बायकोइतका जवळचा आणि कडक परीक्षक दुसरा कोण असतो?

टिळकांच्या घराची आणखी एक साक्ष देतो. बालकवी ठोमरे आपल्याला पाठ्यपुस्तकांतून परिचयाचे आहेत. हा तरुण कवी नगरला टिळकांच्या घरी राहिला, घरच्या मुलासारखा वाढला. लोकांना भीती होती ती उघड होती. पाद्र्याच्या घरी राहिलेला पोरगा आज ना उद्या बाटणार! बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, ते हिंदू म्हणूनच. त्या घरात त्यांना माया मिळाली, कवितेला उत्तेजन मिळाले, आणि त्याची किंमत म्हणून त्यांच्याकडून काही मागितले गेले नाही. १८९३ च्या पुण्यातल्या वादाशेजारी ही गोष्ट ठेवून पाहा. आश्रय देणाऱ्याचे दार उघडे होते आणि आश्रय घेणाराही मोकळा राहिला.

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड झाले. नगरच्या धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत ते शिकवीत. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. या काळात त्यांनी आणखी एक दगड उचलून बाजूला ठेवला, तो म्हणजे परकेपणाचा. इंग्रजी चालीवर इंग्रजीतून भाषांतरलेली गीते देवळात म्हणायची, ही रीत त्यांना रुचेना. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, कीर्तने केली. टाळ-मृदंगाची सवय असलेल्या माणसाला येशूचे नाव ऐकायचे असेल, तर त्याला आधी परक्याचा कोट घालायला लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे बोल त्यांच्या नावाने सांगतात. देशभक्तीच्या कविता लिहिणाऱ्या या पाद्र्याला, ख्रिस्ती झाला म्हणजे साहेबाचा झाला, असे म्हणणे लोकांना जड गेले.

राहिला पगाराचा दगड. टिळकांना मिशनकडून पगार मिळे. काम ते भरपूर करीत. तेव्हा तो हक्काचाच होता. पण लोकांशी बोलताना तो मध्ये येई. तुम्ही मिशनचे नोकर, तुम्ही बोलणारच! या वाक्यापुढे उपदेशकाची जीभ लुळी पडते. १९१७ साली टिळकांनी पगार सोडला. ते साताऱ्याला गेले आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा एक मेळावा उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त बसू शकत. मंडळीच्या वहीत नाव आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी दाराबाहेर ठेवला.

करिंथमधला तंबू करणारा पौल आठवतो का? हक्क होता आणि सोडला. मात्र एक फरक आहे आणि तो मला झाकायचा नाही. पौल एकटा होता. टिळकांच्या मागे घर होते. नवऱ्याचा पगार सुटला म्हणजे महिनाअखेरचा घोर कोणाच्या जिवाला लागतो, हे आपल्या घरातल्या बायांना विचारा. टिळकांच्या त्यागात अर्धा वाटा लक्ष्मीबाईंचा आहे आणि तो त्यांच्या नावे लिहिला गेला पाहिजे. शिवाय सर्वांनीच पगार सोडावा, असे कोणी यातून काढू नये. पगार घेऊन चोख काम करणारे आणि कोणाच्या डोळ्यांत न खुपणारे पाळक तेव्हाही होते, आजही आहेत. प्रश्न पगाराचा नाहीच. आपल्या वागण्यातली कोणती गोष्ट समोरच्याला अडवते, ते ओळखायचे, आणि हक्काची असली तरी ती बाजूला ठेवायची तयारी आहे का, हा प्रश्न आहे.

साताऱ्याचा हा प्रयोग फार दिवस चालायचा नव्हता. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य थोडेच लिहून झाले होते. ते पुढे पुरे केले लक्ष्मीबाईंनी. जिला पाच वर्षे कोणी ओढले नाही, ती आपल्या पायांनी चालत आली आणि नवऱ्याचे अपुरे काम पुढे घेऊन गेली. त्या १९३६ साली गेल्या.

आता हे सगळे मी शिक्षकांना आणि गावकऱ्यांना का सांगतो आहे? कारण दगड नुसते पाद्र्याच्या वाटेत नसतात. महाराज असोत, कीर्तनकार असोत, मौलवी असोत, भन्ते असोत, पुढारी असोत, किंवा आम्ही मास्तर लोक असू. जो दुसऱ्याला शहाणपण सांगून भाकरी खातो, त्या प्रत्येकाला ही कसोटी लागू आहे. मी स्वतः एकदा वर्गात वेळेच्या महत्त्वावर पाऊण तास बोललो होतो. दुसऱ्या दिवशी मीच वीस मिनिटे उशिरा पोचलो. कोणी काही बोलले नाही. पुढच्या बाकावर खेड्यातून सायकलने येणारा एक मुलगा बसे. त्याने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि वही उघडली. आदल्या दिवशीचे माझे पाऊण तासाचे भाषण त्या एका नजरेत वाहून गेले. मुलगा चांगला होता, वेळेचे महत्त्वही खरे होते. मध्ये आडवा पडलो होतो तो मी.

गावातल्या शाळेत मुलांना पुस्तक नंतर कळते. आधी गुरुजी कळतात. गुरुजी जेवणाच्या पंगतीत कोणाशेजारी बसतात, कोणाच्या हातचे पाणी पितात, कोणाच्या पोराला पुढे बसवतात, हे मुले टिपत असतात. समतेचा धडा पुस्तकात कितवा आहे हे ती विसरतील. पण गुरुजींनी पाणी कोणाकडून घेतले, हे त्यांच्या लक्षात राहील. लक्ष्मीबाईंनाही तसेच झाले असावे. टिळकांची व्याख्याने त्यांनी किती ऐकली असतील! त्यांच्या आठवणींत राहिला तो मात्र घरात वागणारा, चिडणारा, देऊन टाकणारा आणि थांबून राहणारा माणूस.

पुढच्या वेळी गाडीने दरेकशावरून जाल, तेव्हा कचारगडच्या डोंगराकडे एकदा पाहा. गुहेच्या तोंडावरची शिळा हटली आणि कोंडलेले लोक बाहेर आले, असे तिथली कथा सांगते. त्या डोंगराखालून जाणाऱ्या गाडीत एका माणसाने दुसऱ्याशी माणुसकीने बोलून एक पुस्तक दिले होते. त्या पुस्तकाचे पुढे काय करायचे, हे घेणाऱ्याने ठरवले. आणि त्याच्या बायकोने तिचे, पाच वर्षांनी, तिच्या मनाने ठरवले. ज्याला काही सांगायचे आहे त्याने आपले सांगून वाटेतून बाजूला व्हावे. पुढचे चालणे ऐकणाऱ्याचे आहे.